दोन बोर्ड पीसीआयईने जोडले, पण एकमेकांना दिसत नाहीत: होस्ट-एंडपॉइंटचं दुखणं शोधताना

दोन सिंगल बोर्ड कॉम्प्युटर (अख्खा कॉम्प्युटर एकाच छोट्या बोर्डावर), मध्ये पीसीआयईची (एसएसडी, ग्राफिक्स कार्ड ज्या वेगवान जोडणीवर बसतात तिची) केबल, एक होस्ट, म्हणजे जोडणी चालवणारा, दुसरा एंडपॉइंट, म्हणजे त्याला जोडलेलं उपकरण. ही जोडणी मी स्वतःसाठी आणि दुसऱ्यांसाठी इतक्यांदा मार्गी लावली आहे, की मदत मागणाऱ्याचं पहिलं वाक्य मला पाठ झालंय: "केबल बदलून पाहिली, तरी नाही." केबल सहसा खराब नसते. ती चुकीच्या जातीची असू शकते, पण त्याकडे नंतर येऊ.

सगळ्या तपासण्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगतो. पीसीआयईची रचना करणाऱ्यांनी एंडपॉइंट म्हणजे कार्ड असं गृहीत धरलं. वीज मिळाली, रिसेट सुटला, की काही मिलिसेकंदांत कार्ड तयार. आपला एंडपॉइंट मात्र अख्खा लिनक्स बूट करणारा कॉम्प्युटर असतो. त्याला स्वतःचा क्लॉक (सगळ्या कामाला ताल देणारा सिग्नल) असतो, स्वतःची वीज असते, आणि आपण होस्ट आहोत अशी त्याची जन्मापासूनची समजूत असते. बहुतेक बिघाड यांपैकी एका कारणाने होतात.

कमांड आणि फाइलींची नावं बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

लक्षणं

- होस्टवर एलएसपीसीआय (पीसीआयई उपकरणांची यादी देणारी कमांड) चालवलं की फक्त रूट पोर्ट (होस्टचं स्वतःचं टोक) दिसतो, किंवा काहीच नाही. डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) "फाय लिंक नेव्हर केम अप" किंवा नुसतं "लिंक डाउन".
- एंडपॉइंट बोर्डावर /सिस/क्लास/पीसीआय_ईपीसी हे फोल्डर रिकामं, किंवा मुळात नाहीच.
- एंडपॉइंट बोर्ड बूट होता होता थिजतो. शेवटच्या ओळींत फायचं (तारांवर सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाचं) "लॉक फेल्ड, चेक इनपुट रेफक्लॉक अँड पॉवर सप्लाय".
- लिंक येते, पण चार लेनऐवजी (लेन म्हणजे तारांचा एक संच) एकच, किंवा जेन ३ ऐवजी जेन १ (पीसीआयईच्या वेगाच्या पिढ्या).
- डिव्हाइस दिसतं, पण बारला (डिव्हाइस होस्टला उघडं करतं त्या मेमरीच्या तुकड्याला) जागा मिळत नाही. किंवा वाचलेली प्रत्येक किंमत सगळे एफ (हेक्समध्ये).
- चालतं, पण एईआरच्या (पीसीआयईच्या चूक-नोंदीच्या) दुरुस्त झालेल्या चुकांनी लॉग भरून वाहतो.
- एंडपॉइंट रीबूट केला की होस्टच कोसळतो. हे पहिल्यांदा घडतं तेव्हा माणूस दचकतो. कारण मात्र साधं आहे.
- बाकी सगळं ठीक, इंटरप्ट (डिव्हाइसने होस्टला दिलेल्या हाका) तेवढे पोचत नाहीत.

यातलं आपलं लक्षण कोणतं ते लिहून ठेवा. लिंक आलेलीच नसेल तर बार आणि इंटरप्टच्या मागे लागण्यात अर्थ नाही, आणि लिंक आली असेल तर केबल उपसण्यात नाही.

आधी बूटचा क्रम

यात खर्च काही नाही, म्हणून इथून सुरुवात. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटल्या.

होस्टचा ड्रायव्हर लिंकची वाट किती वेळ पाहतो? रॉकचिप कंपनीच्या आणि इतर अनेक चिपांत सिनॉप्सिसच्या डिझाइनवेअर जातीचा कंट्रोलर (पीसीआयई चालवणारा भाग) असतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर दहा वेळा डोकावतो, दोन डोकावण्यांमध्ये साधारण नव्वद मिलिसेकंद. म्हणजे एक सेकंदाच्या आत आशा सोडून देतो. एसएसडीला हा वेळ भरपूर आहे. आता दोन्ही बोर्ड एकाच पॉवर स्ट्रिपवर लावून बटण दाबलंत तर काय होतं ते डीमेसगच्या वेळांमध्ये दिसतं. माझ्या एका जोडीत होस्टने २.३ व्या सेकंदाला "लिंक आली नाही" असं लिहून ठेवलं होतं आणि एंडपॉइंटवरची स्क्रिप्ट कंट्रोलर सुरू करत होती २४ व्या सेकंदाला. दोघांचंही काही चुकलं नव्हतं. फक्त एक जण स्टेशनवर पोचला तेव्हा दुसऱ्याची गाडी कधीच सुटली होती.

म्हणून आधी एंडपॉइंट बोर्ड चालू करा, त्यावर फंक्शन (होस्टला दिसणारं उपकरण) उभं करून कंट्रोलर स्टार्ट करा आणि मगच होस्टला वीज द्या. हे केल्यावर डिव्हाइस दिसलं तर तुमचं हार्डवेअर ठीक आहे आणि पुढचं अर्धं वाचायची गरज नाही.

होस्ट रीबूट करायचा नसेल तर इको १ > /सिस/बस/पीसीआय/रीस्कॅन करून पाहा. डिझाइनवेअरच्या ड्रायव्हरमध्ये हे बऱ्याचदा चालतं, कारण लिंक न येणं तो चूक मानत नाही, रूट पोर्ट जिवंत ठेवतो. रास्पबेरी पायवरचा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर तितका सोशिक नाही. लिंक मिळाली नाही की तो कंट्रोलरच बंद करून निघून जातो. मग रीस्कॅन कितीही केलं तरी शोधायला बसच उरलेली नसते. तिथे होस्ट रीबूट, दुसरं काही नाही.

एंडपॉइंट रीबूट केल्यावर होस्ट कोसळण्याचं कारणही क्रमच. होस्टचा ड्रायव्हर अजून त्या डिव्हाइसशी बोलत असतो, समोरून उत्तर येणं थांबतं, आणि अनेक आर्म चिपा अशा न आलेल्या उत्तराचं रूपांतर थेट एसएररमध्ये (प्रोसेसरच्या गंभीर चुकीत) करतात. डेस्कटॉपवर अशा वेळी सगळे एफ मिळून निभावतं, इथे कर्नल पॅनिक. म्हणून होस्टवर आधी ड्रायव्हर सोडवा, त्या डिव्हाइसच्या फोल्डरातल्या रिमूव्ह फाइलमध्ये १ लिहा, मग एंडपॉइंट रीबूट करा, तो स्टार्ट झाला की रीस्कॅन. ही चार पावलं मी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवली आहेत. रात्री अकरानंतर माणूस क्रम विसरतो.

कोण होस्ट, कोण एंडपॉइंट: खात्री करा

"डिव्हाइस ट्रीत एंडपॉइंट केलंय" असं सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या बोर्डावर प्रत्यक्षात होस्टच चालू असतो. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी यादी, ओव्हरले म्हणजे तिच्यावर चढवलेला बदल. ओव्हरलेची फाइल बनते, बूट फोल्डरात जाते, आणि बूटलोडर ती उचलतच नाही. त्यामुळे काय लिहिलंय ते बाजूला ठेवा आणि काय चालू आहे ते पाहा. एंडपॉइंट बोर्डावर /सिस/क्लास/पीसीआय_ईपीसीमध्ये कंट्रोलरचा पत्ता दिसला पाहिजे. त्याऐवजी त्याच बोर्डावर एलएसपीसीआय त्या कंट्रोलरचा रूट पोर्ट दाखवत असेल तर ओव्हरले लागलेला नाही. /प्रोक/डिव्हाइस-ट्रीमध्ये जाऊन त्या नोडचं (यादीतल्या नोंदीचं) स्टेटस वाचा, म्हणजे वादच राहत नाही.

दोन्ही बाजू होस्ट राहिल्या तर काय होतं? लिंक जुळवताना वरची बाजू लिंक नंबर सुचवते आणि खालची तो स्वीकारते. दोन्हीकडे रूट पोर्ट असेल तर दोघेही नंबर सुचवत बसतात, घेणारा कुणी नाही. लिंक थोडी पुढे सरकते आणि पुन्हा शून्यावर येते. लॉगमध्ये दिसणारी ओळ मात्र तीच, लिंक आली नाही. म्हणून या चुकीला केबलचा दोष समजलं जातं.

उलटी चूकही होते. एकाच कंट्रोलरसाठी डिव्हाइस ट्रीत दोन नोड असतात, एक होस्टचा आणि एक एंडपॉइंटचा, रजिस्टरांचे पत्ते तेच. ओव्हरलेने एंडपॉइंटचा नोड "ओके" केला, पण होस्टचा "डिसेबल्ड" करायचा राहिला, तर जो ड्रायव्हर आधी पोचेल तो पत्ते पकडतो आणि दुसरा तक्रार करून बाजूला होतो. कधी हा, कधी तो. "एकदा चालतं, एकदा नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी इथे पाहतो.

आणि मुळात चिपला हे जमतं का? रॉकचिपच्या आरके३५८८ मध्ये पाच पीसीआयई कंट्रोलर आहेत, पण एंडपॉइंट होऊ शकतो तो एकच, चार लेनचा जेन ३ वाला. दोन लेनचा जेन ३ आणि तिन्ही एक लेनचे जेन २ फक्त होस्ट. आरके३५६८ मध्ये दोन लेनचा जेन ३ कंट्रोलर दोन्ही भूमिका करतो. आरके३३९९ लाही एंडपॉइंट होता येतं. रास्पबेरी पाय ४ आणि ५ वर लिनक्सचा ड्रायव्हर फक्त होस्टचा आहे, तिथे ओव्हरले शोधत बसू नका. (गंमत म्हणजे पाय ५ वरची आरपी१ ही चिप स्वतःच चार लेनच्या पीसीआयईवर बसलेला एंडपॉइंट आहे. युएसबी, इथरनेट, जीपीआयओ सगळं तिच्यातून येतं.)

कर्नलही पाहून घ्या. एंडपॉइंटची चौकट मुख्य लिनक्समध्ये २०१७ साली ४.१२ पासून आहे, पण आरके३५८८ चा एंडपॉइंट ड्रायव्हर ६.११ मध्ये आला. त्याआधीच्या मुख्य कर्नलवर कितीही ओव्हरले लावा, नोड उचलणारा कुणी नसतो. कर्नल बांधताना रॉकचिपचा होस्ट आणि एंडपॉइंट हे दोन वेगळे पर्याय आहेत. होस्टचा सुरू आणि एंडपॉइंटचा बंद असलेली तयार इमेज मला अनेकदा भेटली आहे.

एंडपॉइंट खरंच "सुरू" केलाय का

कंट्रोलर दिसतो म्हणजे तो होस्टला काही दाखवतोय असं नाही. त्याच्यावर एखादं फंक्शन बसवावं लागतं. चाचणीसाठी पीसीआय-ईपीएफ-टेस्ट हे सर्वांत सोपं. पहिल्याच दिवशी स्वतःचं फंक्शन लिहून त्यावर लिंक तपासायला जाऊ नका, बिघाड कुठे आहे हेच कळेनासं होतं.

कॉन्फिगएफएस (फोल्डर आणि फाइलींमधून कर्नलची मांडणी करायची सोय) माउंट करा. त्यातल्या पीसीआय_ईपी फोल्डरात फंक्शन्स/पीसीआय_ईपीएफ_टेस्टखाली नवं फोल्डर करा. त्यात व्हेंडरआयडी १०४सी, डिव्हाइसआयडी बी५०० (दोन्ही हेक्स) आणि एमएसआय_इंटरप्ट्स १६ लिहा. मग त्या फोल्डराचा दुवा कंट्रोलर्सखालच्या तुमच्या कंट्रोलरमध्ये जोडा आणि शेवटी स्टार्टमध्ये १. क्रम हाच. आयडी वगैरे दुवा जोडण्याआधी लिहायचे, आणि स्टार्ट सगळ्यात शेवटी. स्टार्ट केल्याशिवाय लिंक जुळवणारं यंत्र जागंच होत नाही, आणि ही एक ओळ विसरलेल्या स्क्रिप्टा मी माझ्या स्वतःच्या हातून लिहिलेल्या पाहिल्या आहेत.

आयडी तेच का? होस्टवरचा पीसीआय_एंडपॉइंट_टेस्ट ड्रायव्हर ठरावीक आयडींनाच ओळखतो. १०४सी हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा क्रमांक आहे, आणि होस्टवर त्या नावाचं अनोळखी वर्गाचं डिव्हाइस दिसलं की समजा जमलं. स्वतःच्या मनाचे आयडी दिलेत तर डिव्हाइस दिसेल, पण ड्रायव्हर बसणार नाही, आणि पुन्हा "चालत नाही" म्हणून शोध सुरू.

लिंक आलीय, पण काम होत नाही

बारला जागा न मिळण्याचा दोष एंडपॉइंटचा वाटतो, पण जागा होस्टकडे कमी असते. आरके३५८८ च्या चार लेनच्या कंट्रोलरला मुख्य डिव्हाइस ट्रीत ३२ बिटची पत्त्यांची खिडकी फक्त १४ एमबीची आहे आणि ६४ बिटची १ जीबीची. तुम्ही ६४ एमबीचा बार मागितला आणि तो प्रीफेचेबल (आगाऊ वाचला तरी चालणारा) नसेल, तर तो ६४ बिटचा असला तरी ब्रिजच्या (इथे रूट पोर्टच्या) मागे त्याला ३२ बिटच्या खिडकीतच बसावं लागतं, कारण ब्रिजची साधी मेमरी खिडकी ३२ बिटचीच असते. मग १ जीबी रिकामी पडलेली असताना "जागा नाही" असं उत्तर येतं. मोठा बार हवा असेल तर तो ६४ बिट आणि प्रीफेचेबल ठेवा. वाचल्याने बदलणारी रजिस्टरं त्यात ठेवता येत नाहीत. ती वेगळ्या छोट्या बारमध्ये.

आरके३५८८ चा बार ४ कंट्रोलरच्या स्वतःच्या रजिस्टरांसाठी राखीव आहे. चाचणी तिथे अडली तर बोर्ड बिघडलेला नाही.

सगळे एफ वाचले जात असतील तर समोरून उत्तरच येत नाहीये. एंडपॉइंट मध्येच रीबूट झाला का ते आधी पाहा.

इंटरप्टसाठी होस्टवर /प्रोक/इंटरप्ट्स उघडून त्या ड्रायव्हरच्या ओळीतला आकडा वाढतो का बघा. ओळच नसेल तर होस्टला एमएसआय (ठरलेल्या पत्त्यावर लेखन करून पाठवायचा इंटरप्ट) मिळालाच नाही, म्हणजे होस्टच्या डिव्हाइस ट्रीतलं एमएसआय-मॅप तपासायचं. ओळ आहे पण आकडा शून्यावर अडकलाय, तर एंडपॉइंटकडून जाणारं लेखन चुकीच्या पत्त्यावर जातंय किंवा निघतच नाही. एमएसआयची संख्या दोनच्या घातात आणि जास्तीत जास्त ३२.

वेग उतरवा, वीजबचत बंद करा

लिंक येते-जाते, किंवा एईआरचा पाऊस पडतोय. काहीही विकत घेण्याआधी होस्टच्या डिव्हाइस ट्रीत मॅक्स-लिंक-स्पीड १ करा. जेन १ वर ताशी चाळीसच्या वेगाने गाडी चालवल्यासारखं होईल, एका लेनला सेकंदाला २५० एमबी, जेन ३ ला असते सुमारे ९८५. पण उत्तर मिळतं. जेन १ वर तासभर एकही चूक नाही आणि जेन ३ वर मिनिटात शेकडो, तर सॉफ्टवेअर बरोबर आहे आणि तारांमधून जाणारा सिग्नल खराब आहे. जेन १ वरही तसंच, तर दोष दुसरीकडे, बहुधा क्लॉकमध्ये.

एलएसपीसीआय -व्हीव्हीमध्ये लिंकची क्षमता आणि लिंकची सध्याची स्थिती अशा दोन ओळी असतात. दुसरीत "डाउनग्रेडेड" असेल तर काय कमी झालंय ते तिथेच लिहिलेलं असतं, वेग की लेन. लेन चारच्या दोन झाल्या असतील तर केबलआधी डिव्हाइस ट्री पाहा. आरके३५८८ चा जेन ३ फाय चार लेन एकत्र देऊ शकतो किंवा दोन-दोन अशा वाटू शकतो, आणि वाटणीचा पर्याय लागलेला राहून जातो.

वीजबचतीबाबत एक गैरसमज फार पसरलाय. कर्नलच्या ओळीत पीसीआयई_एएसपीएम=ऑफ लिहिलं की एएसपीएम (रिकाम्या लिंकला झोपवणारी वीजबचत) बंद होतं असं लोक धरून चालतात. त्याचा खरा अर्थ "कर्नलने एएसपीएमला हात लावू नये" एवढाच. फर्मवेअरने आधीच सुरू करून ठेवलं असेल तर ते तसंच सुरू राहतं. बंद करायचं असेल तर पीसीआयई_एएसपीएम.पॉलिसी=परफॉर्मन्स. हा फरक माहीत नसल्याने मी एकदा पूर्ण दुपार एएसपीएमला निर्दोष ठरवून भलतीकडे शोधत होतो.

केबल: कोणत्या जातीची आहे?

आता खर्चाची पायरी. इथे हात लावण्याआधी दोन्ही बोर्डांची वीज काढा. नुसतं शटडाउन पुरत नाही.

बोर्डावरचा एम.२ स्लॉट (एसएसडी बसते तो) कार्डासाठी बनवलेला असतो. स्लॉटच्या पाठवणाऱ्या पिना कार्डाच्या घेणाऱ्या पिनांना लागतात. दोन बोर्डांचे स्लॉट सरळ केबलने जोडलेत तर पाठवणाऱ्या समोर पाठवणाऱ्या येतात, दोघं बोलतात आणि ऐकायला कुणी नाही. म्हणून स्लॉट ते स्लॉट जोडायला प्रत्येक लेनचं पाठवणं आणि घेणं उलटसुलट केलेली केबल लागते. बाजारातली साधी एक्स्टेन्शन किंवा रायझर चालत नाही, ती कितीही महाग असली तरी.

त्याहून महत्त्वाचं, ३.३ व्होल्टच्या तारा दोन्ही स्लॉटांमध्ये जोडलेल्या नसाव्यात. स्लॉट वीज देणारा असतो, घेणारा नाही. माझ्या एका जोडीत एका बोर्डाचा अडॅप्टर काढला तरी त्यावरचा लाल दिवा मिणमिणतच राहिला. बंद बोर्डाला पलीकडच्या बोर्डाकडून केबलमधून वीज मिळत होती. मल्टिमीटर लावला तर ३.३ च्या पिनेवर २.१ व्होल्ट, म्हणजे ना धड चालू ना धड बंद. अशा अवस्थेत चिप रिसेट होत नाही, आणि पुढच्या बूटला विचित्र वागते. चिप जळली नाही हे नशीब. दोन्ही बोर्ड बंद असताना केबलच्या दोन टोकांच्या ३.३ च्या पिनांमध्ये कंटिन्यूटी तपासा. बीप वाजला तर ती केबल वापरू नका. ग्राउंड मात्र जोडलेलंच हवं.

तसंच दोन्ही बोर्ड स्वतःचा क्लॉक स्लॉटवर बाहेर पाठवतात. त्या तारा जोडल्या की दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात, म्हणून त्याही तोडलेल्या हव्यात.

सिग्नलच्या तारांत कपॅसिटर कुठे आहेत हा प्रश्न स्वतःचं कॅरिअर बोर्ड (कॉम्प्युटरचं मॉड्यूल ज्यावर बसतं ते) बनवणाऱ्यांसाठी. प्रत्येक पाठवणाऱ्या जोडीत एकदाच, जेन ३ साठी १७६ ते २६५ नॅनोफॅरड. तयार बोर्डांच्या स्लॉटमध्ये ते आधीच असतात. केबलमध्ये पुन्हा घालू नका.

क्लॉक: जिथे सगळे अडकतात

क्रम बरोबर, भूमिका बरोबर, केबल बरोबर. तरी लिंक येते आणि दर काही सेकंदांनी सावरत बसते, किंवा येतच नाही.

नेहमीच्या पीसीआयईत होस्ट १०० मेगाहर्ट्झचा क्लॉक कार्डाला देतो आणि दोघंही त्याच तालावर चालतात. हा क्लॉक मुद्दाम थोडा डुलवलेला असू शकतो, रेडिओ अडथळा कमी व्हावा म्हणून. वारंवारता सेकंदाला ३० ते ३३ हजार वेळा ०.५ टक्क्यांपर्यंत खाली जाऊन परत येते. दोघांचा क्लॉक एकच असेल तर दोघं एकत्र डुलतात, कुणाला काही कळत नाही.

आपण क्लॉकच्या तारा तोडल्या. आता प्रत्येक बोर्ड आपापल्या तालावर. दोन्ही क्लॉक स्थिर असतील तर फरक जास्तीत जास्त ६०० पीपीएम (दहा लाखांत ६००), कारण प्रत्येकाला ३०० ची मुभा आहे. ६०० पीपीएम म्हणजे साधारण १६६६ चिन्हांमागे एका चिन्हाचा फरक. जेन १ आणि २ मध्ये पाठवणारा दर ११८० ते १५३८ चिन्हांमागे भरतीची चिन्हं घालतो. घेणारा गरजेप्रमाणे ती टाकतो किंवा वाढवतो आणि फरक मिटवतो. हिशोब जेमतेम पण नेमका बसतो. आता एका बाजूचा क्लॉक डुलतोय असं धरा. सर्वांत वाईट क्षणी फरक ५००० पीपीएमच्या पुढे, म्हणजे २०० चिन्हांच्या आतच एक चिन्ह घसरतं. भरतीचं चिन्ह येईपर्यंत घेणाऱ्याची साठवण ओसंडते किंवा रिकामी पडते, चूक होते, लिंक रिकव्हरीत (पुन्हा जुळवणीत) जाते आणि परत येते. जेन १ वर उतरवूनही ही तक्रार जात नाही. ही क्लॉकची खूण, केबलच्या दोषापासून तिला याच गोष्टीने वेगळं काढता येतं.

उपाय दोन भागांत. दोन्ही बोर्डांवरचं डुलणं बंद करा. ते क्लॉक जनरेटर चिपच्या पिनेवर किंवा रजिस्टरात असतं, स्कीमॅटिक पाहावं लागतं. आणि फायला सांगा की क्लॉक सामाईक नाही. रॉक ५बी या आरके३५८८ वाल्या बोर्डासाठी मुख्य कर्नलमध्ये याचे दोन तयार ओव्हरले आहेत. एक एंडपॉइंट बोर्डासाठी आणि दुसरा, नावात एसआरएनएस असलेला, होस्ट बोर्डासाठी. एसआरएनएस म्हणजे स्वतंत्र क्लॉक, डुलणं नाही. एंडपॉइंटवर ओव्हरले लावून होस्टवरचा विसरणं ही या बोर्डावरची सर्वांत नेहमीची चूक आहे. होस्ट तर होस्टच आहे, त्याला ओव्हरले कशाला, असं वाटतं ना, तिथेच फसतात.

लावल्यावर एलएसपीसीआय -व्हीव्हीमध्ये कॉमक्लॉक समोर उणे चिन्ह आहे ना ते पाहा. अधिक असेल तर दोन्ही बाजू अजून सामाईक क्लॉकच्या समजुतीत आहेत.

लॉक फेल्डची ओळ ही वेगळी गोष्ट. तिथे क्लॉक डुलत नाही, तो फायपर्यंत पोचतच नाही. बऱ्याच बोर्डांवर क्लॉक जनरेटरची वीज स्लॉटच्या ३.३ व्होल्ट रेग्युलेटरवरच असते. एंडपॉइंटच्या नोडमध्ये त्या रेग्युलेटरचा उल्लेख राहिला, की कर्नल तो सुरू करत नाही आणि क्लॉक मुका. त्या अवस्थेत कंट्रोलरची रजिस्टरं वाचायला गेलं की बस अडकते आणि बोर्ड थिजतो. होस्टच्या नोडमधली सप्लायची ओळ एंडपॉइंटच्या नोडमध्येही आहे का, एवढं पाहा.

इथे थांबा

केबल काढलेली, बोर्ड एकटा, मूळ इमेज आणि मूळ डिव्हाइस ट्री, होस्ट म्हणून साधी एसएसडी लावलेली, आणि तरीही लॉक फेल्ड किंवा लिंक नाही. मग बोर्डावरचा क्लॉक जनरेटर, रेग्युलेटर किंवा चिपच गेली आहे. हे घरी दुरुस्त होत नाही. तांदळाच्या दाण्याहून लहान कपॅसिटर हातातल्या सोल्डरिंग आयर्नने बदलायला जाऊन मी एक चालू लेन कायमची बंद केली आहे. बोर्ड रीवर्क (बारीक सोल्डरिंगची दुरुस्ती) करणाऱ्याकडे द्या.

चिप हात लावता येणार नाही इतकी तापत असेल, वास आला असेल, किंवा ३.३ व्होल्ट चुकून जोडले गेले होते असं कळलं असेल, तर "एकदा चालू करून बघू" म्हणू नका. वीज काढा आणि बोर्ड हार्डवेअरवाल्याला दाखवा, दुसरा चांगला बोर्ड त्याला जोडू नका.

जेन १ वर स्वच्छ आणि जेन ३ वर खराब, आणि केबल आखूड व बरोबर जातीची, तर आता सिग्नल पाहावा लागेल. त्याला काही गिगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप, योग्य प्रोब आणि डोळ्याची आकृती (सिग्नलचा आय डायग्राम) वाचणारा माणूस लागतो. स्वस्त स्कोपवर जे दिसेल त्यावरून निष्कर्ष काढू नका. कॅरिअर बोर्ड स्वतः डिझाइन केलेलं असेल तर हा माणूस बोर्ड छापायला टाकण्याआधीच गाठायला हवा होता, पण आता गाठा. तोपर्यंत जेन २ वर काम चालत असेल तर खुशाल चालवा.

त्याच्याकडे जाताना सोबत न्या: दोन्ही बोर्डांचं पूर्ण डीमेसग, होस्टचं एलएसपीसीआय -व्हीव्ही, दोन्हीकडचा चालू डिव्हाइस ट्री (लिहिलेला नव्हे, /प्रोकमधून काढलेला), केबलच्या कोणत्या तारा जोडल्या आणि कोणत्या तोडल्या त्याचं हाताने काढलेलं चित्र, आणि जेन १, २, ३ वर काय काय घडलं त्याच्या तीन ओळी.